भिंग, अंतर आणि शैली

छायाचित्रकलेविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन मतें ऐकूं येतात. तीं परस्परविरुद्ध असूनही एकाच दिवाणखान्यांत सुखानें नांदतात, ही मौजेची गोष्ट आहे. पहिलें मत असें कीं, चित्र चांगलें निघालें तर तें सर्व यंत्राचें श्रेय, म्हणून एखादें सुंदर छायाचित्र दाखविलें कीं पाहणारा प्रथम विचारतो, "कॅमेरा कोणता?" दुसरें मत याच्या उलट. खऱ्या कलावंताला साधनाची पर्वा नसते. त्याच्या हातीं मातीचा गोळा दिला तरी तो मूर्तीच घडवील. पहिल्या मतानें कलावंत नाहींसा होतो आणि दुसऱ्या मतानें कलेचें शरीरच नाहींसें होतें. सतारीच्या तारेची जाडी ठाऊक नसलेला सतारिया आणि कागदाचा पोत न जाणणारा चित्रकार आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. मग छायाचित्रकारानेंच आपल्या साधनाविषयीं अज्ञ असावें, असा आग्रह कां?

कॅमेऱ्याच्या सर्व अवयवांत ज्याचा कलावंताच्या व्यक्तिमत्त्वाशीं अगदीं निकट संबंध पोहोंचतो, तो अवयव म्हणजे भिंग. बाकीचा कॅमेरा ही एक अंधारी पेटी आहे. पण भिंगाची निवड छायाचित्रकाराच्या शैलीवर नेमका कसा परिणाम करते, याचा विचार मराठींत फारसा झालेला दिसत नाहीं. जें लिहिलें जातें तें एक तर यंत्राच्या माहितीपत्रकासारखें असतें, नाहीं तर "डोळ्यामागचा डोळा" अशा मोघम स्तुतीनें भरलेलें असतें. या दोहोंमधील वाट शोधण्याचा हा प्रयत्न आहे. आणि त्यासाठीं उदाहरण म्हणून आम्हीं नंदुरबार जिल्हा घेतला आहे. दर वर्षीं फाल्गुनांत कॅमेरे घेऊन सातपुड्यांत शिरणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि त्यांनीं काढलेलीं चित्रें पाहूनच हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम उभा राहिला.

आरंभीं थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. भिंगाचें मुख्य लक्षण म्हणजे त्याचें केंद्रांतर. हें अंतर मिलिमीटरांत मोजतात. केंद्रांतर कमी असलें कीं भिंग रुंद कोनांतील दृश्य सामावून घेतें; जास्त असलें कीं अरुंद कोनांतील दृश्य मोठें करून दाखवितें. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीसाठीं ५० मिलिमीटरचें भिंग मध्यम समजतात; २८ मिलिमीटरचें रुंद आणि २०० किंवा ४०० मिलिमीटरचें लांब पल्ल्याचें. येथवर सर्वांस ठाऊक असतें. परंतु येथेंच एक गैरसमज पसरलेला आहे. लांब पल्ल्याचें भिंग मागचा डोंगर पुढें ओढून आणतें आणि रुंद भिंग त्याला मागें ढकलतें, असें बोललें जातें. वास्तविक भिंग कोणालाही ओढीत नाहीं कीं ढकलीत नाहीं. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचें परस्परप्रमाण ठरतें तें केवळ आपण कोठें उभे आहों यावरून.

प्रकाशें येथील तापीचा घाट डोळ्यांपुढें आणावा. घाटावर एक स्त्री उभी आहे आणि स्वच्छ हवेंत तिच्या मागें दूरवर सातपुड्याची रांग दिसते आहे. तिच्यापासून तीन हातांवर उभे राहून रुंद भिंगानें चित्र घेतलें तर ती चौकटभर दिसेल आणि सातपुडा तिच्या खांद्यामागें एक पुसट रेघ होऊन राहील. आतां चाळीस हात मागें सरून, लांब पल्ल्याच्या भिंगानें तीच स्त्री तेवढीच मोठी घ्यावी. सातपुडा तिच्या पाठीशीं भिंतीसारखा उभा राहिलेला दिसेल. सातपुडा हलला नाहीं, स्त्रीही हलली नाहीं. हललों ते आपण. भिंगानें इतकेंच केलें कीं, मागें सरण्याची आपणांस मुभा दिली.

हा हिशेब कोणासही करून पाहतां येईल. साधारण उंचीचा मनुष्य उभ्या चौकटींत नखशिखांत बसवावयाचा असेल, तर २८ मिलिमीटरच्या भिंगासाठीं सुमारें तीन हातांवर उभें राहावें लागतें; ५० मिलिमीटरसाठीं पांच हातांवर; २०० साठीं वीस हातांवर आणि ४०० साठीं चाळीस हातांवर. हे आंकडे केवळ गणिताचे नाहींत. ते माणसामाणसांतील व्यवहाराचे आंकडे आहेत. तीन हातांवर असलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतां येतो. पांच हातांवर दोघांचें बोलणें होतें. वीस हातांवरून हांक मारावी लागते. चाळीस हातांवरील माणसाला आपण त्याच्याकडे पाहत आहों हें ठाऊकही नसतें. म्हणून जो छायाचित्रकार भिंग निवडतो, तो मुख्यतः अंतर निवडतो. आणि त्या अंतराबरोबर समोरच्या माणसाशीं आपलें नातें काय, हेंही त्याच्या नकळत ठरून जातें.

वाङ्मयाच्या वाचकांस ही गोष्ट वृत्तांच्या दृष्टान्तानें सहज उमगेल. जुन्या रसिकांनीं प्रत्येक कवीशीं एकेक वृत्त जोडून ठेविलें आहे: ज्ञानेश्वरांशीं ओवी, तुकोबांशीं अभंग, मोरोपंतांशीं आर्या. ओवी लिहिल्यानें कोणी ज्ञानेश्वर होत नाहीं, हें उघड आहे. पण ज्ञानेश्वरांनीं आपला विषय आर्येत सांगितला असता तर तो तोच राहिला असता, असें तरी कोण म्हणेल? ओवीच्या ऐसपैस अंगणांत दृष्टान्तामागून दृष्टान्त येऊन बसूं शकतात. आर्येच्या मोजक्या मात्रांत शब्दांची कारागिरी खुलते. कवी वृत्त निवडतो आणि पुढें तें वृत्त कवीला घडवूं लागतें. भिंगाचें नेमकें असेंच आहे. एका भिंगाशीं दीर्घकाळ संसार केल्यावर छायाचित्रकाराचें पाऊल आपोआप त्या अंतरावर जाऊन थबकतें, आणि कॅमेरा उचलण्यापूर्वींच चौकट त्याच्या दृष्टीसमोर उभी राहते.

या कलेच्या इतिहासांत याचीं उदाहरणें आरंभापासून आहेत. १८४० सालीं पेत्झवाल या गणितज्ञानें भरपूर प्रकाश घेणारें भिंग सिद्ध केलें, तेव्हांपासून माणसाचा चेहरा अल्पकाळांत टिपणें शक्य झालें. त्याच रचनेच्या एका फ्रेंच भिंगानें, कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनीं इंग्लंडांत आपलीं मृदु, किंचित् अस्पष्ट मुखचित्रें काढलीं. समकालीन टीकाकारांनीं तो दोष मानला. त्यांनीं मात्र त्या अस्पष्टतेंतच आपली वाणी शोधली. याच्या उलट, १९३२ सालीं अमेरिकेंत वेस्टन, ॲडम्स प्रभृतींनीं भिंगाच्या अत्यंत लहान छिद्राचा अंकच आपल्या मंडळाचें नांव म्हणून घेतला आणि जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सर्व कांहीं सारखेंच रेखीव दिसलें पाहिजे, असा आग्रह धरला. पुढें इंग्लंडांत बिल ब्रँट यांनीं एका जुन्या, अतिशय रुंद कोनाच्या कॅमेऱ्यानें मानवी देहाचीं चित्रें काढलीं. १९६१ सालीं तीं ग्रंथरूपानें आलीं, तेव्हां हातपाय खडकांसारखे दिसूं लागल्याचें पाहून लोक चकित झाले. तिघांच्याही शैलीचा उगम भिंगांत आहे. पण तिन्ही ठिकाणीं भिंगाला कांहींतरी सांगावयाचें होतें तें कलावंताच्या मनांतून आलें होतें.

आपल्याकडे ही कला लवकर आली. मुंबईची छायाचित्रण-संस्था १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होते. परंतु त्याच काळीं मुंबईंत असें एक काम झालें, कीं ज्याची छाया आजच्या चित्रांवरही पडलेली आम्हांस दिसते. विल्यम जॉन्सन या गृहस्थानें १८६३ आणि १८६६ सालीं मुंबईंतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं आणि त्यांच्या मागचे देखावे दुसऱ्या ठिकाणचे. दोन्ही जोडून छापलेलीं. माणूस त्याच्या जागेवरून उचलावा आणि हव्या त्या पडद्यापुढें उभा करावा, अशी ही रीत. पुढें १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी आश्रयानें ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. तेथेंही माणसाचें नांव गौण आणि जमातीचें नांव प्रधान. या चित्रांत मनुष्य दिसतो, पण तो कोणाचा मुलगा, कोणाचा शेजारी, हें दिसत नाहीं. तो नमुना होऊन राहतो.

या रीतीला उत्तर मिळालें तें पुष्कळ पुढें. सुनील जाना यांचें नांव १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या चित्रांमुळें सर्वतोमुखीं झालें. त्यानंतर त्यांनीं देशभरच्या आदिवासींचीं चित्रें काढलीं. व्हेरिअर एल्विन यांच्यासमवेत त्यांनीं प्रवासही केला, आणि १९९३ सालीं त्यांचा आदिवासींवरील ग्रंथ निघाला. जाना यांच्या हातीं पुष्कळदां रोलायफ्लेक्स असे. या कॅमेऱ्याची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याचें भिंग बदलतां येत नाहीं. त्याचा कोन मध्यम. तो डोळ्याशीं न धरतां पोटाशीं धरावयाचा आणि वरून त्याच्या कांचेंत पाहावयाचें. म्हणजे चित्र काढणाऱ्याला समोरच्या माणसापुढें मान लववावी लागते, आणि भिंग त्या माणसाकडे किंचित् खालून पाहतें. जाना यांच्या चित्रांतील स्त्रीपुरुष आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताठ उभे दिसतात, त्यांत या घडणीचा वांटा आहेच. आमच्या मतें कधीं कधीं तीं माणसें जरा अधिकच पुतळ्यासारखीं होतात. पण तीं नमुने मात्र कधींच होत नाहींत. तीं आपल्याकडे पाहतात, आणि तें पाहणें पांच-सहा हातांवरचें असतें.

याच कॅमेऱ्याचा उपयोग होमाई व्यारावाला यांनीं निराळ्या रीतीनें केला. त्यांचा जन्म १९१३ सालीं नवसारीस झाला. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत. त्यांच्या आडनावांतील व्यारा हें गांव नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे, हा योगायोग नंदुरबारकरांस गोड वाटेल. १९४२ पासून दिल्लींत राहून त्यांनीं सत्तांतराचा सारा काळ टिपला. कबूतर सोडणाऱ्या नेहरूंचें त्यांचें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. येथें नेहरू मोठे आहेत, पण एकटे नाहींत. त्यांच्या भोंवतालची हवाही चित्रांत आहे. जाना आणि व्यारावाला यांच्या हातीं एकाच जातीचें यंत्र असतां एकाच्या चित्रांत शिल्प आणि दुसरीच्या चित्रांत प्रसंग दिसावा, यावरून साधनाची मर्यादाही स्पष्ट होते. भिंगानें अंतर दिलें; त्या अंतरावर उभें राहून काय पाहावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरविलें.

१९४७-४८ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या फ्रेंच कलावंत आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं बहुतेक सर्व आयुष्य ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर काढलें. भिंगें बदलीत बसणें म्हणजे लिहितां लिहितां दर वाक्याला लेखणी बदलणें, असें त्यांचें काम पाहून वाटतें. याच्या विरुद्ध बाजूचें एक उज्ज्वल उदाहरण मात्र आपल्या घरचेंच आहे. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यावर १९३४ सालीं ‘अमृतमंथन’ निघाला. त्यांत व्ही. शांतारामांनीं टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा एकच डोळा साऱ्या पडद्यावर पसरून दाखविला; कॅमेरा केशवराव धायबरांचा होता आणि हिंदी चित्रांत तो डोळा चंद्रमोहनांचा. धर्मवेडाची दहशत त्या एका डोळ्यांत सामावली. येथें लांब पल्ल्याच्या भिंगाचें काम माणसाला त्याच्या परिसरापासून तोडण्याचेंच होतें. कारण राजगुरु हा स्वतःच माणसांपासून तुटलेला होता. अर्थ आणि साधन यांचा असा मेळ बसला म्हणजे कोणतेंही भिंग निषिद्ध राहत नाहीं.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आपण काठीस जाऊं. अक्कलकुवा तालुक्यांतील या गांवची राजवाडी होळी फार प्राचीन मानली जाते. रानांतून उंच बांबू वाजतगाजत आणतात. त्याच्यासाठीं खड्डा खणतात तोही हत्यारांवांचून, हातांनीं. रात्रभर ढोलांच्या तालावर पाड्यापाड्यांचे घोळके गोल धरून नाचतात आणि पहांटे होळी पेटते. नवस बोललेले पुरुष बुध्या, बावा अशीं रूपें घेतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगुर आणि वाळलेले भोपळे. हे लोक होळीच्या आधीपासून व्रतस्थ असतात. या व्रताला पालनी म्हणतात. व्रताचे दिवस ते खाटेवर निजत नाहींत, कोणाचा स्पर्श होऊं देत नाहींत. म्हणजे जो वेष आपणांस तमाशा वाटतो, तो त्यांच्या दृष्टीनें नवसाची फेड असते.

या होळीचीं जीं चित्रें वर्तमानपत्रें, दिनदर्शिका आणि प्रदर्शनें यांतून आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला आणि सर्वांत मोठा वर्ग लांब पल्ल्याच्या भिंगाचा. एक चेहरा, त्यावरील ठिपके, मोरपिसांचा टोप, डोळ्यांत ज्वाळेचें प्रतिबिंब. आणि मागें सारें विरघळलेलें, रंगांचा केवळ धूसर गालिचा. चित्र देखणें असतें यांत शंका नाहीं. दुसरा वर्ग अगदीं रुंद भिंगाचा. छायाचित्रकार नाचणाऱ्याच्या तोंडाशीं जाऊन पोंचतो. पुढचा हात परातीएवढा, मागचें डोकें लिंबाएवढें, होळीचा बांबू धनुष्यासारखा वांकलेला. यांत जोर असतो, पण तो बहुधा भिंगाचा जोर असतो. तिसरा वर्ग लहान आहे. त्यांत पांच ते आठ हातांवरून, मध्यम भिंगानें घेतलेलीं चित्रें येतात. त्यांत एकापेक्षां अधिक माणसें असतात, पायांखालची जमीन असते, मागें कोणाची तरी म्हातारी आई कडेवर नातू घेऊन उभी असते. अशीं चित्रें पहिल्या दृष्टिक्षेपांत डोळ्यांत भरत नाहींत, आणि म्हणून स्पर्धांतून मागें पडतात.

पहिल्या वर्गांतील एक उत्तम चित्र आम्हीं एकदां त्याच भागांतील एका वृद्ध गृहस्थांस दाखविलें. त्यांनीं तें हातीं घेऊन बराच वेळ पाहिलें. टोप कसा बांधला आहे, ठिपके कशानें काढले आहेत, हें त्यांनीं सांगितलें. मग म्हणाले, "भाऊ, हा कुठल्या पाड्याचा? याच्याबरोबरचे कुठें गेले?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यांच्या लेखीं बुध्या हा एकटा असूंच शकत नव्हता. तो एका घोळक्याचा, एका पाड्याचा, एका नवसाचा होता. त्यांतून त्याला वेगळा काढल्यावर उरला तो वेष. जॉन्सननें १८६३ सालीं दोन चित्रें जोडून जें साधलें, तेंच आजचें लांब पल्ल्याचें भिंग, छिद्र पुरतें उघडून, एका क्षणांत साधतें. फरक इतकाच कीं, त्यानें मागें खोटा देखावा जोडला आणि आपण खरा देखावा पुसून टाकतों.

तथापि यावरून जवळचें तें प्रामाणिक आणि दूरचें तें अप्रामाणिक, असा नियम बसवूं पाहणें चुकीचें होईल. पालनी पाळणाऱ्या माणसाला स्पर्श वर्ज्य आहे. त्याच्या अंगाशीं तीन हातांवर जाऊन, गर्दींत धक्के देत, तोंडावर दिव्याचा लखलखाट पाडणारा छायाचित्रकार त्याच्या व्रताचाच भंग करूं पाहतो. अशा वेळीं जो वीस हात मागें उभा राहून लांब भिंगानें चित्र घेतो, तोच अधिक सभ्य. त्या अंतरावरूनही घोळका चौकटींत घेतां येतो. छिद्र थोडें लहान करून मागचीं माणसें ओळखूं येतील इतकीं स्पष्ट ठेवतां येतात. म्हणजे दोष भिंगाचा नसून, त्याच्या सोयीला कलावंतानें आपला निर्णय समजण्याचा आहे. जवळ जावयाचें असेल तर जवळ जाण्याचा अधिकार मिळवावा लागतो. आणि तो अधिकार कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.

नंदुरबारचें दुसरें प्रसिद्ध दृश्य मिरचीच्या पथाऱ्यांचें. हिवाळ्यांत शहराबाहेर मोकळ्या माळांवर ओली लाल मिरची वाळत पसरतात आणि मजूर स्त्रिया ती खालवर करीत असतात. अलीकडे उडत्या यंत्राला कॅमेरा बांधून आकाशांतून या पथाऱ्यांचीं चित्रें घेण्याची चाल पडली आहे. लाल गालिच्यावर कांहीं रंगीत ठिपके, असें तें चित्र असतें. ते ठिपके म्हणजे बायका. रचना म्हणून त्यांत गोडी आहे. माळाचा विस्तार जमिनीवरून इतका कळत नाहीं, हेंही खरें. परंतु मिरचीच्या पथारीवर पांच मिनिटें उभे राहिलेल्या कोणासही पहिली गोष्ट जाणवते ती ठसका. डोळे झोंबतात, घसा धरतो, म्हणून त्या बायका तोंडाला फडकें गुंडाळून दिवसभर काम करतात. ठसका आकाशांत पोहोंचत नाहीं. ज्या अंतरावरून विषयाचा मुख्य धर्मच जाणवत नाहीं, त्या अंतरावरून घेतलेलें चित्र कितीही सुबक असलें तरी तें त्या विषयाचें चित्र नव्हे. तें रंगांचें चित्र होय.

येथें सुधारक ओलवे यांच्या कामाची आठवण होते. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं त्यांनीं काढलेलीं काळीं-पांढरीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस आमचें म्हणणें अधिक पटेल. गटाराच्या तोंडांत उतरलेल्या माणसाचें चित्र चाळीस हातांवरून निघत नाहीं. तेथें दुर्गंधीच्या आंत जाऊनच उभें राहावें लागतें. त्या चित्रांत छायाचित्रकार दिसत नाहीं, पण तो कोठें उभा होता हें प्रत्येक चित्रांतून दिसतें. आमच्या मतें शैली म्हणतात ती हीच. उभें राहण्याची एक जागा, आणि ती जागा सोडावयाची नाहीं असा निश्चय.

शैली आणि लकब यांतील भेद आपण वाङ्मयांत नेहमीं करतों. तो येथेंही केला पाहिजे. नवशिका लेखक एखाद्या मोठ्या लेखकाचें वाक्य उचलतो आणि त्यालाच शैली समजतो. तसाच नवशिका छायाचित्रकार एखाद्याचें चित्र पाहून त्याचें भिंग विकत आणतो. भिंगाबरोबर परिणाम येतो: मागचें विरघळणें, पुढचें फुगणें, कडांचें वांकणें. पण तो परिणाम त्या भिंगाच्या प्रत्येक मालकाला सारखाच मिळतो; आणि जें सर्वांस सारखें मिळतें तें वैयक्तिक कसें असेल? भिंगाचा परिणाम आणि कलावंताचा हेतु यांची सांगड पुष्कळ चित्रांतून, पुष्कळ वर्षें, एकाच कारणानें टिकली म्हणजे मग तिला शैली म्हणावें. परीक्षण करतांना आम्हांस म्हणून एकच प्रश्न विचारावासा वाटतो. हें अंतर कां? "तेथून चेहरा मोठा दिसला" हें त्याचें उत्तर असेल तर ती लकब. "तेथें उभें राहिल्यावांचून ही गोष्ट मला सांगतां येत नव्हती" हें उत्तर असेल तर ती शैली.

वाचक म्हणतील, हा वाद व्यावसायिकांचा; आम्हां गृहस्थाश्रमी लोकांस त्याचें काय? परंतु आज कॅमेरा नाहीं असें घर उरलेलें नाहीं. प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत तो बसविलेला आहे, आणि त्याचें मुख्य भिंग बहुधा जुन्या हिशेबानें २४ ते २८ मिलिमीटरच्या जातीचें, म्हणजे रुंद असतें. यामुळें आपण सारेच नकळत रुंद भिंगाचे छायाचित्रकार झालों आहों. हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रांत घरच्या माणसांचीं नाकें मोठीं आणि कान लहान दिसतात, याचें कारण तें भिंग नसून तें हातभर अंतर होय. त्यावर उपाय म्हणून यंत्रांत मागचें दृश्य गणितानें पुसट करण्याची युक्तीही आली आहे. तिच्यामुळें आजीचें चित्र सुबक येतें. पण तिच्या मागचें देवघर, खिडकी, ती ज्या खांबाला टेकून बसते तो खांब नाहींसा होतो. पन्नास वर्षांनीं नातवंडें तें चित्र पाहतील, तेव्हां त्यांनाही काठीच्या त्या वृद्धाप्रमाणें विचारावेंसें वाटेल कीं, ही कोठें बसली आहे? हिच्याबरोबरचे कुठें गेले?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा निघाला. त्याच्या सहा तालुक्यांत तापीचें खोरें आहे, सातपुड्याचे पाडे आहेत, नर्मदेच्या बुडितांत गेलेल्या गांवांच्या आठवणी आहेत. बाहेरचें जग या जिल्ह्याला मुख्यतः छायाचित्रांतून ओळखतें, आणि हीं छायाचित्रें बहुतेक बाहेरून आलेल्यांनींच काढलेलीं असतात. आतां पाड्यांवरील तरुण मुलेंही आपल्या हातांतील यंत्रानें आपल्या होळीचीं चित्रें काढूं लागलीं आहेत. त्यांच्याजवळ लांब पल्ल्याचें भिंग नाहीं, आणि त्यांना त्याची गरजही पडत नाहीं. कारण तीं घोळक्याच्या आंतच उभीं असतात. त्यांचीं चित्रें अजून ओबडधोबड आहेत. चौकट तिरपी, उजेड कमी, कोणाचा तरी खांदा मध्येंच आलेला. परंतु तो खांदा शेजाऱ्याचा असतो. त्यांच्यांतून एखादा जाणता कलावंत निघेल, तेव्हां त्याला अंतर शोधीत फिरावें लागणार नाहीं. तें त्याला जन्मतःच मिळालेलें असेल; शिकावयाचें राहील तें एवढेंच कीं, त्या अंतरावरून काय सोडावयाचें आणि काय ठेवावयाचें. तोंवर बाहेरून जाणाऱ्यांनीं भिंगांची पिशवी भरतांना, आपणांस कोणत्या माणसापासून किती हातांवर उभें राहावयाचें आहे, हें आधीं मनाशीं ठरवावें. पिशवी त्यामुळें बरीच हलकी होईल.